पहिल्या सीझरचा कागद

सीझेरियन शस्त्रक्रियेविषयी आपल्या सीमाभागात बोलणे निघाले की ते बहुधा बिलापाशी सुरू होते आणि बिलापाशीच संपते. नॉर्मल होण्यासारखे असताना डॉक्टरांनी घाई केली, पैशासाठी पोट फाडले, घरातला दागिना सोसायटीत गहाण पडला, अशा तक्रारी बेळगावपासून निपाणीपर्यंत कोणत्याही गावात ऐकायला मिळतात, आणि त्या सगळ्याच खोट्या असतात असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु सीझरचा सर्वांत मोठा खर्च बिलात येतच नाही. तो पुढच्या गरोदरपणात, कधी कधी एका रात्रीत वसूल होतो, आणि त्या रात्री ती बाई कोणत्या तालुक्यात, कोणत्या राज्यात आणि कोणता कागद हातात घेऊन दवाखान्याच्या दारात उभी आहे यावर तिचे व बाळाचे जगणे अवलंबून असते. गर्भाशय फाटण्याची घटना आपण दैवगती किंवा डॉक्टरांची हलगर्जी या दोनच खणांत टाकतो. माझ्या मते आपल्या भागात तो मुख्यतः नोंदींचा आणि अंतराचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो प्रशासनाला विचारण्याचा प्रश्न आहे.

गर्भाशय फाटते म्हणजे नेमके काय होते हे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ज्यांच्या घरात ही घटना घडते त्यांनाही ती क्वचितच समजावून सांगितली जाते. ‘पिशवी फाटली’, ‘फार रक्त गेले’, ‘बाळ पोटातच गेले’ एवढ्यावर विषय मिटतो. सीझरमध्ये बहुतेक वेळा गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेऊन बाळ बाहेर काढतात आणि छेद शिवून टाकतात. जखम भरते, पण भरून आलेला भाग मूळच्या स्नायूसारखा ताणला जात नाही. पुढच्या खेपेला दिवस भरत आले आणि कळांचा जोर वाढला की सगळ्यांत कच्चा दुवा तोच असतो. तरीही बहुसंख्य स्त्रियांत ही शिवण टिकते. ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, एकदा असा आडवा छेद घेतलेल्या स्त्रीने नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर साधारण २०० पैकी एकीची शिवण उकलते, आणि अशा प्रयत्नांपैकी ७२ ते ७५ टक्के सुखरूप पार पडतात. छेद उभा आणि गर्भाशयाच्या वरच्या जाड भागावर असेल तर मात्र हा धोका शेकडा ४ ते ९ पर्यंत जातो, आणि अशा स्त्रीला कळा येऊ देण्याचा विचारही करायचा नसतो. पोटाच्या कातडीवरची खूण आडवी दिसली म्हणून आतली शिवणही आडवीच आहे असे धरून चालता येत नाही. ती ज्याने शिवली त्याला माहीत असते, किंवा त्याने लिहून ठेवले असेल तर कागदाला.

शिवण उकलू लागते तेव्हा पहिली खूण बहुधा बाळाकडून मिळते: त्याच्या हृदयाचे ठोके बिघडतात. आईच्या पोटात दोन कळांच्या मधेही न ओसरणारी वेदना सुरू होते, लघवीत रक्त दिसू लागते, नाडी धावू लागते, आणि मग कळा एकाएकी थांबतात. बाहेर बाकड्यावर रात्रभर ताटकळलेल्या सासूला आणि आईला वाटते की पोरीला जरा विसावा मिळाला. प्रत्यक्षात त्याच क्षणी बाळ गर्भाशयातून पोटाच्या पोकळीत सरकलेले असू शकते आणि रक्त आतल्या आत साचत असते, बाहेर थेंबभर दिसले नाही तरी. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते, हे एक वाक्य ध्यानात ठेवले तर पुढचे सारे उलगडते. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ठोके एकदम खाली आल्यापासून १८ मिनिटांच्या आत बाळ काढलेल्या प्रसंगी बाळाला गंभीर इजा आढळली नव्हती. त्याहून उशीर झाला तिथे ती दिसू लागली. वाचलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल तर त्याचे परिणाम ते मूल आणि त्याचे घर जन्मभर भोगते. आईच्या बाबतीत, फाटलेला भाग शिवण्यासारखा नसेल तर पिशवीच काढावी लागते. मूत्राशयाला इजा झाली आणि ती वेळेवर दुरुस्त झाली नाही तर लघवी सतत गळत राहते. आणि आधीच अंगात रक्त कमी असेल, देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत ते कमी असते, तर इतरांना सोसवेल एवढा रक्तस्रावही तिच्या जिवावर बेतू शकतो. पिशवी गेलेल्या आणि बाळही गेलेल्या पंचविशीतल्या सुनेला घरात पुढे कोणती वागणूक मिळते, हे या भागातल्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही.

आता १८ मिनिटांच्या त्या आकड्यासमोर आपला नकाशा ठेवून पाहावा. खानापूर ते बेळगाव अंतर सव्वीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे रस्ता मोकळा असला तरी अर्धा तास हवा, आणि त्याआधी गाडी मिळायला हवी. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या पुढे भीमगडच्या जंगलात वसलेल्या आमगाव, गवाळी, पास्तोळी, कृष्णापूर यांसारख्या गावांतून तर पावसाळ्यात आधी रस्त्यापर्यंतच पोहोचावे लागते. आषाढात ओढ्या-नाल्यांना पाणी आले की आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागते, हे दरवर्षी वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह येते आणि दरवर्षी आपण हळहळतो. ज्या बाईच्या गर्भाशयावर शिवण आहे तिच्यासाठी कळा सुरू झाल्यावर निघणे हा मुळात पर्यायच नाही. तिने कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त जिथे आहे तिथे असायला हवे. रुग्णवाहिका वाढवा ही मागणी योग्यच आहे. पण या एका संकटापुरती रुग्णवाहिका बहुधा उशिराच पोहोचणार, हे मान्य करूनच उपाय शोधला पाहिजे.

अशा स्त्रियांची संख्या थोडी आहे, असेही आता म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) कर्नाटकातल्या २३.६ टक्के प्रसूती सीझरने झाल्या होत्या. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ३१.५ टक्क्यांवर गेले. शेजारच्या महाराष्ट्रात याच काळात ते २०.१ वरून २५.४ झाले. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, ही तफावतही याच सर्वेक्षणातली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केले की लोकसंख्येच्या पातळीवर सीझरचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बाळांचे मृत्यू आणखी कमी होतात असे दिसत नाही. यातून कोणती शस्त्रक्रिया अनावश्यक होती हे एकेका बाईपुरते ठरवता येत नाही, आणि वेळेवर झालेल्या सीझरने वाचलेल्या मायलेकरांची उदाहरणे प्रत्येक गल्लीत आहेत. परंतु एवढे निश्चित की आज सीझर झालेली प्रत्येक पहिलटकरीण उद्या शिवण असलेली दुसरटकरीण होऊन कुठल्या तरी दवाखान्याच्या दारात येणार आहे. ती कोणत्या दवाखान्याच्या दारात येईल, इथेच सीमाभागाचे वेगळेपण सुरू होते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून आहे. खानापूर तालुक्यातल्या सुनेचे माहेर चंदगडला असते, निपाणीच्या सुनेचे कागलला, अथणी-कागवाडकडच्या सुनेचे मिरजेला किंवा जतला, आणि उलटही. चंदगडच्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी बेळगाव सोयीचे पडते, निपाणीच्या लोकांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, अथणीचे लोक पिढ्यानपिढ्या मिरजेला जात आले आहेत. १९५६ साली राज्यांची सीमा आखली गेली तरी आजारी माणसाच्या वाटा बदलल्या नाहीत. परिणामी पहिले सीझर एका राज्यात, दुसऱ्या खेपेची तपासणी दुसऱ्या राज्यात आणि प्रत्यक्ष प्रसूती ऐनवेळी जिथे गाडी नेईल तिथे, असा प्रकार सर्रास घडतो. महाराष्ट्रात मिळालेले माता-बाल कार्ड मराठीत असते, कर्नाटकात मिळणारे तायी कार्ड कन्नडमध्ये. घरात जे कार्ड वाचता येते ते तिकडच्या नोंदवहीशी जुळत नाही आणि जे जुळते ते सासूला वाचता येत नाही. १०८ हा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे, पण त्यामागच्या यंत्रणा दोन आहेत.

आणि या सगळ्यात ज्याच्यावर जीव अवलंबून आहे तो कागद कसा असतो? प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड आणि सोनोग्राफीच्या काळ्या फिल्मसोबत चार घड्या घालून ठेवलेले डिस्चार्ज कार्ड बाहेर निघते. घडीवर शाई पुसलेली असते. त्यावर बाळाचे वजन, जन्मवेळ, टाके कधी काढायचे, लोहाच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे असते, आणि शस्त्रक्रियेच्या रकान्यात ‘एलएससीएस’ ही चार आद्याक्षरे, म्हणजे गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेले सीझर. काही वेळा कारण दिलेले असते, काही वेळा तेही नाही. छेद वर वाढवावा लागला का, तो कडेला फाटत गेला होता का, नंतर ताप येऊन जखम चिघळली होती का, या प्रश्नांची उत्तरे ज्या केसपेपरात असतात तो रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये राहतो. रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेल्या बाईला तपासणाऱ्या सिस्टरला त्या आद्याक्षरांवरून एवढेच कळते की पूर्वी सीझर झाले आहे. पुष्कळदा तेवढेही कळत नाही, कारण पिशवी माहेरीच राहिलेली असते.

नोंद नसताना नेहमीची औषधेही कशी धोक्याची ठरतात, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मिसोप्रोस्टॉल या स्वस्त गोळीने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखता येतो का, हे तपासणारा एक महत्त्वाचा अभ्यास बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांचा त्यात सहभाग होता आणि गोळी देण्याचे काम गावपातळीवरच्या सहायक परिचारिकांनी केले. १,६२० स्त्रियांच्या या अभ्यासात, बाळ जन्मल्यावर ही गोळी दिलेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि ज्या देशांत घरी बाळंतपणे होतात तिथे त्याचा दाखला दिला गेला. बेळगावकरांनी अभिमान बाळगावा असे हे काम आहे, जरी त्याची माहिती बेळगावातच फार थोड्यांना असली तरी. पण बाळ बाहेर आल्यावर जी गोळी जीव वाचवते तीच, दिवस भरलेल्या आणि गर्भाशयावर शिवण असलेल्या बाईला कळा आणण्यासाठी दिली तर ती शिवण उकलू शकते. म्हणूनच अशा स्त्रियांत ती त्या कामासाठी वापरू नये असे सांगितले जाते. फरक आहे तो फक्त वेळेचा आणि पूर्वेतिहासाचा.

कळा वाढवण्याच्या ऑक्सिटोसिनचीही तीच गोष्ट. सलाइनमधून थेंबाथेंबाने, बाळाचे ठोके पाहत दिले तर ते उपयोगी औषध आहे. ‘लवकर मोकळी होईल’ म्हणून कमरेत टोचले तर त्याचा वेग कोणाच्याच हातात राहत नाही. त्याच्या जोडीला बाईच्या पोटावर भार देऊन बाळ खाली ढकलण्याची सवय आहे, जी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत नाकारली आहे आणि जिचा अनुभव घेतलेल्या स्त्रिया अजूनही सहज भेटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिटोसिनच्या खासगी उत्पादनावर बंदी घालून ते कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित करण्याचा प्रयत्न केला, तोही मुख्यतः म्हशींना पान्हवण्यासाठी त्याचा गैरवापर होतो म्हणून. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि ते योग्यच झाले, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी ते प्रत्येक प्रसूतिगृहात हवेच असते. मात्र म्हशींच्या निमित्ताने देशभर चर्चा झालेल्या औषधाविषयी, ते बाळंतिणीला कोणी, किती वाजता, किती दिले याची नोंद सक्तीची असावी, अशी चर्चा कुठे झाली नाही.

एकदा सीझर झाले की पुढे सीझरच करावे म्हणजे प्रश्नच उरत नाही, असा सोपा तोडगा काही डॉक्टर आणि पुष्कळशी कुटुंबे सुचवतात. जिथे रात्री भूलतज्ज्ञ नाही आणि रक्ताची सोय नाही अशा लहान दवाखान्याने शिवण असलेल्या बाईला कळा देत बसू नये, इथपर्यंत मी त्यांच्याशी सहमत आहे. पण सरसकट दुसरे आणि तिसरे सीझर हा फुकटचा उपाय नाही. प्रत्येक वेळी वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) जुन्या शिवणीत रुतून बसण्याचा धोका वाढतो, आणि अशी रुतलेली वार काढताना होणारा रक्तस्राव फाटलेल्या गर्भाशयाइतकाच जीवघेणा असतो. शिवाय ठरवलेल्या तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या तर तीच बाई, त्याच अंतरावर, त्याच रस्त्यावर असते. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर हवे, ही गोष्ट शिवण असलेल्या बाईच्या बाबतीत तर दुप्पट खरी आहे. वर्ष-दीड वर्षातच पुन्हा बाळंतपण आले तर शिवण उकलण्याचा धोका वाढतो. पण पहिली मुलगी झाली असेल तर हा सल्ला घरात किती दिवस टिकतो, हेही सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून मागणी नेमकी हवी. सीझर झालेल्या प्रत्येक स्त्रीला, रुग्णालय सरकारी असो वा खासगी, घरी जाताना एक टिकाऊ कार्ड मिळावे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत छापलेले. त्यावर छेद कोणत्या भागावर व कसा होता, सीझर कशासाठी करावे लागले, आत काही गुंतागुंत झाली का, पुढचे गरोदरपण किती काळानंतर योग्य आणि पुढच्या वेळी कळांचा प्रयत्न करता येईल की नाही, हे साध्या वाक्यांत लिहिलेले असावे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या गरोदर स्त्रियांच्या कार्डावर लाल चिकटी लावली जाते. तो दिवस आधीच ठरलेला आहे, तर त्याच दिवशी शिवण असलेल्या स्त्रीची प्रसूती कुठे होणार हे ठरवून लिहिता येईल, आणि ती जागा सीमेपलीकडची असेल तर तसेही लिहिता येईल. बेळगाव आणि कोल्हापूर, तसेच बेळगाव आणि सांगली, यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी अशा नावांची देवघेव केल्याने कोणाच्याही सीमेला धक्का लागत नाही. खानापूरच्या जंगलातल्या गावांसाठी तर महाराष्ट्राने आपल्या दुर्गम आदिवासी भागांत वापरलेली ‘माहेरघरा’ची कल्पना उचलावी: दिवस भरण्याच्या काही काळ आधी गरोदर स्त्रीने एका सोबतिणीसह रुग्णालयाजवळ येऊन राहायचे, जेवणाची आणि बुडालेल्या रोजाची सोय सरकारने करायची. रोजाची सोय नसेल तर ही योजना कागदावरच राहील, कारण घर, गुरे आणि मोठे मूल सोडून बाई उगाच येत नाही.

यात दोन्ही सरकारांना रस का वाटत नाही, याचे उत्तर आपल्या राजकारणात आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, त्यावर कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला, आणि कित्येक दिवस दोन्हीकडे निवेदने, निषेध आणि भाषणे झाली. आरोग्य कोणाच्या नावाने द्यायचे यावरून भांडायला दोन्ही सरकारे तयार असतात. सीमाप्रश्न न्यायालयात जेव्हा सुटायचा तेव्हा सुटो, त्याबद्दल माझेही मत ठाम आहे आणि ते इथे मांडण्याचे कारण नाही. पण मराठी माणसांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या संघटनांनीही आजवरच्या निवेदनांत बाळंतिणीच्या कागदाला फारशी जागा दिलेली नाही, हे आपल्याच माणसांना कोणीतरी सांगायला हवे. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी आपण वर्षानुवर्षे करत आलो. त्या मागणीत सातबारा आणि मतदारयादी असते, डिस्चार्ज कार्ड नसते.

डॉक्टरांचा एक आक्षेप मात्र गांभीर्याने घेतला पाहिजे. शस्त्रक्रियेतली प्रत्येक गुंतागुंत बाईच्या हाती लिहून दिली तर उद्या तोच कागद ग्राहक न्यायालयात आपल्याविरुद्ध उभा राहील, अशी भीती त्यांना वाटते, आणि रुग्णालयांवर होणाऱ्या दगडफेकीच्या काळात ती निराधार म्हणता येत नाही. यावर उपाय लपवाछपवी हा नाही. छेद कडेला फाटला म्हणजे चूक झाली असे नव्हे; बाळ खाली अडकलेले असेल, उशीर झालेला असेल, तर निष्णात हातांतही तसे घडते, आणि हे त्याच दिवशी नातेवाइकांना बसवून सांगितले तर बहुतेकांना पटते. पण तीन वर्षांनी दुसऱ्याच गावातला, दुसऱ्याच राज्यातला डॉक्टर त्या शिवणीविषयी काहीच माहीत नसताना कळांचे सलाइन लावतो, तेव्हा दोष कोणाच्या पदरात पडतो याचाही विचार वैद्यकीय संघटनांनी करावा. दोन्ही राज्यांनी मिळून ठरवून दिलेला एकच नमुना असेल, तर लिहिणाऱ्या डॉक्टरवर वैयक्तिक कबुलीचा आरोप येणार नाही. असा नमुना तयार करायला कायदा लागत नाही, जिल्हा पातळीवरची एक बैठक आणि छपाईचा खर्च पुरतो. आणि कार्डाची एक प्रत सासरच्या आशाताईकडे व एक माहेरच्या आशाताईकडे ठेवण्याचा नियम त्याच बैठकीत करून घ्यावा.